जीपच्या डाव्या सीटची व्यवस्था

मी गोटीराम चिमाजी फडोळ, वय वर्षे ७१, धंदा शेती, राहणार मखमलाबाद, तालुका व जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्याच ओट्यावर बसून, कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, डॉक्टरांनी तसे तोंडावर सांगितले आणि जड उचलायला मनाई केली, म्हणून ही घाई. वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात माझी जीप 'एक जुने वाहन' एवढ्यावर आटोपली होती. तो मसुदा मी बाजूला ठेवला. कायद्याचे शब्द त्यांचे घेतले आहेत, बाकीचे माझे आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे धरावे.

कलम १. राहते घर, घरामागचा भाजीचा मळा, विहिरीतला हिस्सा आणि बँकेतली ठेव माझी पत्नी नवसाबाई हिला. पुढे तिने कोणाला काय द्यायचे ते तिचे ती ठरवील. त्या बाबतीत तिला कोणी शहाणपण शिकवू नये. मी शिकवून पाहिले आहे, उपयोग होत नाही.

कलम २. गिरणारे गावाच्या पुढे डोंगराखाली असलेला मोगऱ्याचा तुकडा माझा नाहीच. तो नवसाबाईला तिच्या वडिलांनी दिला, तिच्याच नावावर आहे. भाऊबंद त्याला 'गोटीरामचा मोगरा' म्हणतात म्हणून खुलासा करून ठेवतो. लावला तिने, छाटला तिने, पंचवटीतल्या फूलबाजारात भाव केला तोही तिनेच. मी गाडी चालवली.

कलम ३. माझा धाकटा भाऊ सहादू याला लोखंडी साखळी. ही तीच साखळी, जिने त्याचा ट्रॅक्टर दर पावसाळ्यात चिखलातून माझ्या जीपने ओढून काढला. जीपला तो चारचौघांत भंगार म्हणत आला, आणि ट्रॅक्टर रुतला की सकाळी सकाळी माझ्याच दारात उभा राहत आला. साखळी मजबूत आहे. ओढणारे त्याने आता दुसरे शोधावे.

कलम ४. शेजारीण ठमाबाई हिला जीपवर घालायची मोठी ताडपत्री. इंजिन सुरू केले की धूर तिच्या वाळवणावर जातो म्हणून तिने मला इतकी वर्षे शिव्या घातल्या. धूर जात होता हे खरे आहे. कुरडया तरी झाकल्या जातील.

कलम ५. जीप.

हे कलम लांबेल. वकिलांना आवडणार नाही, पण भांडण झाले तर याच कलमावरून होईल.

जीप मी १९९१ साली देवळालीच्या लष्करी लिलावात घेतली. टप फाटलेला, बॅटरी गायब, सीटमध्ये उंदरांचा संसार. चासी मात्र सरळ होती, आणि चारही चाकांना जोर देणारा गिअरचा दांडा पहिल्या झटक्यात पडला. तेवढ्यावर मी बोली लावली. मूळ इंजिन पेट्रोल पाण्यासारखे प्यायचे. भिका महाले, इगतपुरीच्या रेल्वे शेडमधला फिटर आणि माझा शाळेपासूनचा दोस्त, सुट्टीला येई. आम्ही दोघांनी ते इंजिन काढले आणि एका उलटलेल्या पिकअपचे डिझेल इंजिन बसवले. ते लांबीला जास्त भरले, म्हणून रेडिएटर पुढे सरकवला. थरथर फार, म्हणून इंजिनाखाली ट्रकच्या टायरचे रबर कापून घातले. मोगऱ्याच्या वाटेवरच्या ओहोळाचे पाणी शिरते म्हणून सायलेन्सर वळवून पार टपाच्या उंचीला नेला. सगळे याच अंगणात, चिंचेखाली, विटांवर गाडी टेकवून.

१९९७ साली नवसाबाई कांद्याच्या चाळीवरून पडली. खुब्यात स्टीलचा गोळा बसवला. तेव्हापासून तिचा डावा पाय वीतभराच्या वर उचलत नाही. मोगऱ्याकडची शेवटची वाट ओहोळातून आणि मग मुरमाच्या चढाने जाते. तिथे एसटी नाही, रिक्षा नाही. साधी मोटार ओहोळाच्या अलीकडेच पोट टेकते. जाते ती जीप, आणि जीपला पाय उंच टाकावा लागतो. त्या वर्षी ती खिडकीशी बसून राहिली आणि माझ्याशी कमी बोलली.

पंचवटीत एक सलून बंद झाले. त्यातली फिरती खुर्ची मी आणली. भिकाने तिचा खांब कापून आखूड केला आणि जीपची डावी सीट त्यावर बसवली. खिट्टी ओढली की सीट बाहेर वळते. नवसाबाई पाठमोरी होऊन टेकते, पाय उचलायचा प्रश्नच नाही, मग सीट आत फिरवते आणि खिट्टी लावते. धरायला पाण्याच्या पाइपचा दांडा लावला. हिसके बसू नयेत म्हणून चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या प्रत्येक जुडग्यातून एकेक पाटा कमी केला. बघणारे हसले. पहिल्या दिवशी मी आधाराला हात पुढे केला, तर म्हणाली, "तुम्ही तुमच्या जागेवर बसा." मला फार बरे वाटले. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी आम्ही गेलोच.

गेल्या पावसाळ्यात मी दवाखान्यात होतो. माझा मुलगा भारत, पुण्याला बँकेत आहे, त्याने 'रंग मारून आणतो' म्हणून जीप नेली. पुण्याच्या कुठल्याशा गॅरेजात तिला लष्करातल्या मूळ रूपात आणली. दसऱ्याला सकाळी अंगणात आणून उभी केली. हिरवागार रंग, पुढे पांढरा तारा, डाव्या बाजूला पत्र्याची मूळ सीट. दांडा नाही. पाटे भरून घेतलेले. सायलेन्सर परत खाली. सलूनची खुर्ची भंगारवाल्याला दिली, असे तो कौतुकाने सांगत होता. त्याच्या मनात वाईट नव्हते, हे मी लिहून ठेवतो. बापाची जीप बापाला नवी करून द्यावी, एवढेच होते. पण आमच्याकडे तो फार तर दिवाळी-दसऱ्याला येतो, आणि तेव्हा त्याच्याच मोटारीतून हिंडतो. आई जीपमध्ये कशी चढते हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

दसऱ्याला गाडी पुजली की घरच्या बाईने आधी बसायचे, मग गाडीने गावाला चक्कर मारायची, अशी आमच्याकडे रीत आहे. नवसाबाईने हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, नारळ फोडवला. मग तिने दांडा धरायला हात वर केला. दांडा नव्हता. सगळी भावकी बघत होती. भारत हसत पुढे आला, त्याने तिला दोन्ही हातांवर उचलले आणि सीटवर ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चक्करभर ती समोर बघत होती. उतरवली तीही तशीच.

संध्याकाळी मला एवढेच म्हणाली, "गोणीवानी चढवलं, गोणीवानी उतरवलं. आता मी नाय जायची."

आणि गेली नाही. छाटणी या वर्षी मजुरांनी केली. ती कशी झाली हे तिने विचारलेही नाही. मला राग आला आणि वाईटही वाटले, आणि मी भारतला काही बोललो नाही, कारण हिने बोलू दिले नाही. म्हणाली, पोराने हौसेने केले. मी स्वतः खुर्ची पुन्हा केली असती. डॉक्टर पाना उचलू देत नाहीत.

तेव्हा या जीपची व्यवस्था अशी. सगळ्यांना वाटते ती भारतला जाईल. जाणार नाही. जीप नवसाबाईची. चालवील माझी मुलगी छाया, ती गिरणाऱ्यालाच दिलेली आहे आणि हीच जीप चालवायला माझ्याकडून शिकली आहे. अट एकच. डावी सीट फिरती असली पाहिजे, आणि नवसाबाईला कोणीही उचलून बसवायचे नाही. घाई असली तरी नाही, पाऊस असला तरी नाही, माया असली तरी नाही.

कलम ६. माझी अंत्ययात्रा जीपवरून काढू नये. तशी हौस गावात दोघातिघांनी बोलून दाखवली आहे. मला खांद्यावरून न्यावे, चालत्यांना जरा व्यायाम होईल.

कलम ७. हत्यारे. पान्यांचा संच, जॅक, ग्रीसची पिचकारी, शिकंजा आणि ड्रिल. यांचे काय करावे हे कालपर्यंत ठरले नव्हते.

काल, शनिवारी, भारत तब्येत बघायला आला. कागद ओट्यावरच होते. मी झाकले नाहीत. त्याने कलम ५ वाचले आणि मग पुन्हा वाचले. मला म्हणाला, "नाना, मला कुणी बोललं का नाही?" मी म्हणालो, "तू विचारलं का नाही?" तो आत जाऊन आईपुढे बसला. मग तिला त्याने विचारले की खुर्ची नेमकी किती उंच होती. तिने उभी राहून मांडीला हात लावून दाखवले. तो बाहेर पडला आणि दुपारी कुठल्याशा सलूनची मोडकी खुर्ची रिक्षात घालून घेऊन आला. भाव जास्त दिला असणार, त्याला ओरखडे बघून घासाघीस करता येत नाही.

आज सकाळी भिका साक्षीदार म्हणून इगतपुरीहून आला. दुसरा साक्षीदार सहादू होणार होता, तो रुसून आला नाही, कलम ३ त्याच्या कानावर गेले आहे. भारत म्हणाला, मी सही करतो. मी त्याला वकिलांचे म्हणणे सांगितले: साक्षीदाराने त्याच मृत्युपत्रातून काही घेऊ नये, उद्या कोणी बोट ठेवील. सहादूची साखळी गेली असती तर बिघडत नव्हते, पण हत्यारे तुलाच देण्याचे मनात आहे, सही केलीस तर ती जातील.

तो म्हणाला, "मग आत्ताच द्या. तुम्ही गेल्यावर देऊन काय उपयोग? खुर्ची आज बसवायची हाय."

पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून 'हाय' ऐकले नव्हते. तेव्हा हत्यारे मी आज माझ्या हाताने त्याला दिली आहेत. ती या मृत्युपत्रात मोडत नाहीत. भारतसाठी या कागदात आता काही नाही.

भिका शेजारी बसून सांगतो आहे, हात लावत नाही, मीच बजावले आहे. भारतने भोके एकदा चुकवली. एका बोटाचे साल गेले. नवसाबाईने बसून पाहिले आणि खांब बोटभर उंच आहे म्हणाली, तो काढून परत कापला. मग पुन्हा बसून पाहिले.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम छाया हिने करावे. भिकाला मी काही देऊ केले होते, तो चहावर अडून बसला. चहा दिला आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो मला हवा तसाच आहे. घरात टेबल असूनही सह्या जीपच्या बॉनेटवर होत आहेत, कारण माझी पत्नी आपली आपण चढून डाव्या सीटवर बसली आहे आणि उतरायला तयार नाही. छायाला निरोप गेला आहे. सह्या झाल्या की आम्ही चौघे-पाच जण मोगऱ्याकडे निघणार आहोत.

स्थळ: मखमलाबाद, नाशिक, घरचे अंगण
दिनांक: ११ फेब्रुवारी २००७, रविवार

लिहून ठेवणार: गोटीराम चिमाजी फडोळ (सही)

आम्ही दोघांनी गोटीराम फडोळ यांना आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले, आणि त्यांच्या समोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार:
१. भारत गोटीराम फडोळ, राहणार पुणे (सही)
२. भिका सखाराम महाले, राहणार इगतपुरी (सही)

ता. क. साक्षीदार क्रमांक १ याच्या सहीवरचा काळा डाग ग्रीसचा आहे. ती खाडाखोड समजू नये. गो. चि. फ.