पिस्टनच्या पिनेचं लॉक

१० नोव्हेंबर १९९७
आज जावा मोटारसायकल टेम्पोत घालून गोकुळ रोडच्या गॅरेजात नेली. एकतीस वर्षं पोत्यांखाली पडून होती. पुंडलिक मिस्त्रीनं किक दाबून पाहिली — जागची हलेना. म्हणाला, अशीच विकून टाका की सर.

नको म्हटलं. ही चालू करायची आणि धारवाडला पद्मनाभअण्णाच्या दारात नेऊन उभी करायची. "झालं गेलं मी विसरलो" असं त्याला म्हणायचं. वाक्य मनात घोळवतोय, पाठांतरासारखं.

सहासष्ट साली रायापूरजवळ इंजिन जाम झालं, अण्णा पडला, पाय मोडला. पेट्रोलमध्ये तेल मिसळायला तो विसरला, असं मीच अप्पांना सांगितलं. अण्णा एवढंच म्हणत राहिला — घातलं होतं. अप्पा सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. तो लंगडत धारवाडला गेला तो गेलाच. सख्खा भाऊ वीस किलोमीटरवर, आणि बोलणं नाही!

१२ नोव्हेंबर
बायको भागीरथी गेल्यापासून उणकलच्या या घरात रेडिओच काय तो बोलतो. आज सातवीच्या पुस्तकातली एक कविता मोठ्यानं म्हटली. दुसऱ्या कडव्यात अडलो. लहानपणी अडलो की अण्णा पुढची ओळ सांगायचा.

१७ नोव्हेंबर
इंजिन उघडलं. पुंडलिक एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन गोणपाटावर मांडत होता — डावीकडे परत वापरायचे, उजवीकडे टाकायचे. आधी बोट फिरवायचं, मग नख, मग माप. नखाला खाच लागली की उजवीकडे. क्रँक डावीकडे गेला. बेअरिंग कानाशी धरून फिरवलं, तेही डावीकडे. निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा मी बसलो होतो.

मग तो म्हणाला, "सर, तुम्ही तेलाचं सांगत होता. नोडरी, बघा की, तेल नसतं तर हे बेअरिंग जळून निळं पडलं असतं. हे बघा कसं लखलखीत. तेल होतं."

मग जाम कशानं झालं, मी विचारलं.

त्यानं सिलिंडर उजेडाकडे धरला. आत एकच खोल उभा चर. पिस्टनची पिन सरकून भिंतीला घासली होती. ती सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेची छोटी कडी बसवतात, तिला हे लोक लॉक म्हणतात. एका बाजूचं जागेवर होतं. दुसऱ्या बाजूची कडी बसवायची खाच कोरी.

"तुटलं असतं तर कुठं तरी तुकडा सापडला असता. हे बसवलंच नाही. कोण हो असला मिस्त्री?"

आठवत नाही म्हणालो.

सगळं आठवतंय. पडायच्या दोनच दिवस आधी नवा पिस्टन मी घातला होता, परसात बसून. अण्णा म्हणत होता मिस्त्रीकडे दे, मीच हट्ट केला. शेजारी पुस्तक उघडं, हात इंजिनात, आणि मी कवितेला चाल लावत होतो.

१८ नोव्हेंबर
पिस्टन घरी आणलाय. टेबलावर आहे.

२४ नोव्हेंबर
सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, मोठ्या मापाचा पिस्टन घालू का, असं पुंडलिकनं विचारलं. घाल म्हटलं. अजून महिना लागेल म्हणतो. तोवर मी थांबणार नाही, रविवारी बसनंच जातो. वाक्य बदललंय — चूक माझी होती, अण्णा. चारच शब्द. पाठ होत नाहीत.

३० नोव्हेंबर
धारवाडला जाऊन आलो. अण्णाला आता दिसत नाही फारसं. आवाजावरून ओळखलं. मी विषय काढायच्या आत माझा हात धरून म्हणाला, "गोपाळ, तेल मीच विसरलो असेन रे. तुम्ही सगळे म्हणत होता म्हणजे खरंच असणार. इतकी वर्षं कबूल करवलं नाही. माफ कर."

मी म्हटलं, असू दे अण्णा.