पोलीस आले नसताना वाजलेली थाळी

मी, कमल रामदास तांबे, वय बावीस, राहणार परळ, मुंबई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे दुसरे मृत्युपत्र लिहीत आहे, कारण पहिल्यात चूक होती. माझे वडील सीताराम यांनी मला घरीच पाटीवर अक्षरे शिकवली. चुकलेली ओळ पुसल्याशिवाय ते पुढची लिहू देत नसत.

चूक अशी. फेब्रुवारीत मी लिहिले की, जानेवारीतल्या त्या संध्याकाळी चाळीतला एकही पुरुष माझ्या मदतीला आला नाही आणि माझे पती रामदास मारता मारता आपणहून थांबले. दोन्ही खरे नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आमच्या चाळीला एक सवय लागली. गल्लीत पोलीस शिरले की बायकांनी गॅलरीतून थाळी वाजवायची आणि पुरुषांनी जेवणावरून उठून धावायचे. त्या संध्याकाळी थाळी मी वाजवली. माणसे काठ्या घेऊन जिना चढून आली. पुढे शेजारचे शामराव.

"पोलीस कुठायत?"

"पोलीस नाहीत. हे मारतायत."

शामराव हसले. "काय वैनी, उगाच पळवलंत! थाळी महाराष्ट्रासाठी आहे, तुमच्या घरच्या भांडणाला नाही."

मागून कोणी म्हणाले, "चला रे, कालवण निवलं." सगळे उतरले.

रामदासांनी मला आत ओढून दार लावले. थोड्या वेळाने ते थांबले. दारावर थाप पडल्यासारखे वाटले होते, पण माझे कान वाजत होते, म्हणून खात्री नसलेले लिहिले नाही. गेल्या आठवड्यात समोरच्या सखुबाईंनी सांगितले की ती थाप त्यांच्या यजमानांची, कोंडीरामदादांची. पाय अधू असल्याने ते सर्वांच्या मागून पोचले, आणि दार उघडेना तेव्हा आमच्या उंबऱ्याला टेकून बसले. म्हणाले एवढेच, "रामदास, मी हितंच बसलोय." चाळ निजेपर्यंत बसले.

म्हणजे यांना थांबवता येते. हे कळल्यापासून मला धड झोप नाही.

आता माझ्या वस्तूंची व्यवस्था.

१. खोली रामदासांच्या नावावर आहे. तिच्यावर माझा हक्क नाही. खिडकीचा जाड पडदा मी शिवला आहे, तो राहू द्यावा. नको, काढून टाकावा. आतले बाहेर दिसू नये म्हणून रामदासांनी तो माझ्याकडून शिवून घेतला होता.

२. शिवणयंत्र वडिलांनी घेऊन दिले. ते, आणि हिंदमात्याच्या दुकानांची पोलकी शिवून पोस्टात साठलेली शिल्लक, माझी मुलगी यशोधरा, वय चार, हिला. ती मोठी होईपर्यंत दोन्ही, आणि तीही, सखुबाईंकडे.

३. भाऊ रामजी, राहणार भायखळा, याला वडिलांची पाटी. दोनदा मी गुपचूप त्याच्याकडे गेले. दोनदा रामदास न्यायला आले आणि त्याने मला परत दिले. "कमळे, दाजी दारू पीत नाहीत, जुगार नाही, अजून काय पाहिजे तुला?" आणि हातात ट्रामचे तिकीट. पाटी देताना मनात राग नाही. थोडा आहे.

४. रामदासांना पंचशीलाची तसबीर. दीक्षेच्या दिवशी आम्ही दोघांनी शेजारी उभे राहून शीले घेतली. पाचवे, दारूचे, ते कडक पाळतात. म्हणूनच माझे कोणाला खरे वाटत नाही. पहिले, हिंसेचे, त्यांनी रोज मुलीसमोर मोठ्याने म्हणावे. समितीच्या सभेतली त्यांची भाषणे मला आवडत. तेही खरे आहे म्हणून लिहिते.

५. मी नळावर घसरून पडले असे कोणी सांगितले तर मानू नये. मी नळावर कधीच घसरलेली नाही. घसरले, असे मात्र मीच सांगत आले आहे.

६. थाळी कोंडीरामदादांना. गेला आठवडाभर ते काठी टेकत खोल्याखोल्यांतून फिरत आहेत. शामराव त्यांना म्हणाले, "दादा, दुसऱ्याच्या बायकोत आपण कशाला पडायचं?"

"मग दुसऱ्याच्या टाळक्यात पोलिसाची काठी पडत होती, तवा कशाला धावलास?"

शामराव तेव्हा हो म्हणाले नाहीत.

ठरले आहे ते असे. या वेळी गुपचूप नाही. गिरणीतली पहिली पाळी सुटून रामदास घरी आले की त्यांच्यादेखत यशूला कडेवर घेऊन मी थाळी वाजवीन आणि जिना उतरेन. पुरुषांनी जिन्यात उभे राहायचे, आणि रामदासांना तोंडावर सांगायचे की हिच्या मागे जायचे तर आधी आम्हाला ओलांडून जा. रामजीने खाली न्यायला यायचे कबूल केले आहे. तो येईल ना? माणसे पुन्हा हसली तर? मी खाली पोचले नाही, तर हे मृत्युपत्र लागू करावे.

एक मे नको. महाराष्ट्र मिळाल्याच्या आनंदात त्या दिवशी घरोघर थाळ्या वाजतील. माझी कोणाला कळणार?

ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष घालू नये, असे वडील सांगत. म्हणून कोंडीरामदादा आणि सखुबाई साक्षीदार नाहीत. खाली सही करणाऱ्या दोघांना दादांनीच बोलावून आणले. न वाचता सही मी घेतली नाही. चाळीतल्या धोंडूंना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवले.

सही: कमल रामदास तांबे

साक्षीदार:
धोंडू लक्ष्मण पवार (डाव्या हाताचा अंगठा)
शामराव विठ्ठल मोरे. सगळे वाचले. हसलो तो मीच. या वेळी जिन्यात पहिला मी असेन.

स्थळ: कोंडीरामदादांची खोली, परळ. रविवार, २४ एप्रिल १९६०.

थाळी वाजवायचा दिवस: सोमवार, २ मे १९६०.