सागाचा सुस्कारा

मंगळवार, संध्याकाळ, पवई

लागवडीतली कुठली झाडं आतून कुजलीत हे तपासायचं आमचं संशोधन. आज गोरेगावच्या बाजूला एका जुन्या सागाला गिरमिट लावलं. बाहेर काढताच भोकातून लांब सुस्कारा आला. कोमट, थेट माझ्या मनगटावर.

"गॅस असतो गं," बरोबरची नीलिमा हसली. मलाही ठाऊक आहे, कुजलं की गॅस धरतो. पण भोकावर तळहात ठेवला की सुस्कारा थांबायचा, काढला की पुन्हा सुरू. गॅस इतका वेळ टिकतो?

तोडायच्या झाडावर लाल पट्टा मारायचा असतो. नीलिमाने ब्रश रंगात बुडवला आणि नुसतीच उभी राहिली. शेवटी तशाच परत आलो.

आत्ता तिचा फोन आला. "उद्या तू एकटीच जा ना. मी नाही येणार."

कारण विचारणार होते. नकोच वाटलं.