व्यवसायाचा रकाना

चिरंजीवास,

आशीर्वाद आहेतच, पण आधी ऐकून घे.

काल फोनवर म्हणालास, "आई, या वयात परदेशी शिकायला? तेही मदतीच्या पैशावर? लोक काय म्हणतील?"

तुझ्या कॉलेजनेही तेव्हा तुला सहा महिने परदेशी पाठवायचं ठरवलं होतं. मदत होती ती कामगारांच्या मुलांसाठी. अर्जात माझ्या व्यवसायापुढे तू 'गृहिणी' लिहिलंस आणि सहीसाठी कागद पुढे केलास. मी नुकतीच हॉस्पिटलच्या लाँड्रीतून आले होते, सोड्याने बोटं सोलली होती. त्याच बोटांनी सही केली. कामगाराचा मुलगा नाही म्हणून अर्ज नाकारला गेला. तुझ्यासाठी आणलेली बॅग माळ्यावर गेली.

आता हॉस्पिटल-स्वच्छतेच्या अभ्यासक्रमासाठीच्या माझ्या अर्जात मी त्याच रकान्यात ठसठशीत लिहिलं, 'हॉस्पिटलच्या चादरी धुते.' मुलाखतीत बाईंनी विचारलं, रक्ताचा डाग आधी गरम पाण्यात का घालायचा नाही? बाकीचे पुस्तक आठवत बसले. मला हसू आलं; म्हटलं, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. माझी निवड झाली.

बॅग मी खाली काढली आहे.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तुला वाटेल, परवानगी मागतेय. माझ्या अर्जात मुलाच्या सहीला जागाच नव्हती.

तुझी,
चादरी धुणारी आई