दारात आलेल्याला न्हाई म्हणू नये

३ फेब्रु., मंगळ. भोकर.
राजकीय मतांच्या सर्व्हेचा पहिला दिवस. मोबाईलवर वीस प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. एकाचं उत्तर दाबल्याशिवाय दुसरा उघडत नाही. अकरा घरं झाली. अकरा चहा, आणि सगळ्याला 'हाव'. प्रश्न उलटा करून विचारला तरी हाव. एक काकू म्हणाल्या, "दारात आलेल्या लेकराला न्हाई कसं म्हनावं, बाई?"

५ फेब्रु.
साहेबांचा फोन. इतके हो कसे? आता चहाच्या आधी विचारते. काही फरक नाही. एक आजोबा दारूबंदीवर पाऊण तास बोलले. दोन्ही बाजूंनी बोलले आणि दोन्हीकडून पटलं. मी 'हो' दाबलं. वाईट वाटलं.

८ फेब्रु., रवि. अहमदपूर. माहेरी.
दादानं हक्कसोडीचा कागद करून ठेवलाय. बाबा गेल्यापासून शेत तिघांच्या नावावर: आई, तो, मी. सही केली की माझं नाव निघणार. "तुला कधी काही कमी केलं का?" एवढंच म्हणाला. नाही केलं. माझ्या बाळंतपणात आठ दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर झोपला होता तो.

कागद तसाच ठेवून उठले. स्वयंपाकघरात आईला सर्व्हे विचारत बसले. प्रश्न नववा, बापाच्या शेतात लेकीला बरोबरीचा वाटा असावा का? आई लगेच, हाव. म्हटलं, मी पण दारात आलेली म्हणून का? भाकरी थापायची थांबली.

"म्हायेरी उमरीला माझ्या भावाला सही करून दिली तवा कुनी इचारलंच न्हाई. मला वाटाबी पाहिजे व्हता अन् भाऊबी. तुझ्या मोबाईलात दोन्ही बसतंय का?"

मी मोबाईल बंद केला आणि तव्यावरची भाकरी उलटली. सही करू नको म्हणाली नाही, कर म्हणाली नाही. लई माया आली तिची.

९ फेब्रु. नांदेडच्या बसमध्ये.
दादा स्टँडवर सोडायला आला. पिशवी भरून हरभऱ्याचे डहाळे, त्याच्या भाच्यासाठी. कागदाचं सावकाश सांग म्हणाला, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा.

स्वतःचाच फॉर्म भरायला घेतला. आठपर्यंत भराभर. लोहा येऊन गेलं तरी नववाच उघडा. 'नाही' दाबवत नाही. 'हो'वर बोट नेलं की मांडीवरची पिशवी जड लागते.