पितळी तार आणि चाळीस माळा

रेवस,
ता. ९ ऑक्टोबर १९३६

तीर्थस्वरूप कोंडाजीमामांच्या चरणी विठोबाचा साष्टांग नमस्कार.

आपण आणि मामी खुशाल असाल. मामींचा गुडघा पाऊस संपल्यावर तरी वळणावर आला का, ते कळवावे. इकडे बाबा बरे आहेत, म्हणजे दोन वेळा जेवतात. मीही बरा आहे. शाळा सुरू आहे.

आपण लाँचवरून पाठवलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार पोचली. ती कशासाठी हवी होती हे मी लिहिले नव्हते, कारण तेव्हा मला थोडी लाज वाटत होती. आता पुरती वाटते आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

येसूदादाने बाबांच्या एकतारीला बसवलेली ती डबी आपल्याला आठवत असेल. (तो तिला पिकप म्हणे. टेलिफोन दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही वस्तू साधी राहिली नाही.) आत लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. तार छेडली की सूर डबीतून बॅटरीच्या पेटीत जाई आणि पेटीतून बाबांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये. बाबांना एरवी ढोल वाजला तरी भिंत हलल्यावर कळतो, पण सुट्टीत दादा घरी आला की रोज दिवेलागणीला ओटीवर दोघांचे हे चाले. आषाढात दादा तापाने गेला, आणि तेव्हापासून बाबांनी तोंडातून शब्द काढला नाही. मात्र दिवेलागणीला ते स्वतः हेडफोन लावून ओटीवर बसू लागले. मला वाटले, एकतारी वाजली तर बाबा बोलतील. बोलून समजूत काढणे मला जमत नाही हे आपण जाणता. दादाच्या तेराव्यालाही मी भटजींना फक्त ‘बरं’ म्हणालो होतो.

एकतारी खुंटीवरून खाली काढली तर तार गंजून तुटलेली. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. म्हणून मी शहाणपणाने अलिबागेहून पितळेची तार आणली. ती चढवली, पेटी लावली, हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिला. काही नाही. तरी बाबांच्या कानाला लावून एकतारी छेडत बसलो, तर बाबा मान डोलवू लागले! माझे मन राखण्यासाठी म्हातारा खोटे डोलतो आहे हे पाहून मला फार वाईट वाटले. डबीच बिघडली असे मी ठरवले आणि ती उघडली. उघडताना आतली तार माझ्याच नखाने तुटली, त्यामुळे ती तुटलेली होती याविषयी शंका उरली नाही.

मग आपली तार आली. नवे वेटोळे हवे चार हजार फेऱ्यांचे (दादाच्या वहीत लिहिले होते). माळ्यावरचा चरखा काढला, पण त्याचा वेग तारेला सोसेना, दोनदा तुटली. शेवटी चाती हातानेच फिरवायची आणि प्रत्येक फेरीला बाबांच्या जपमाळेचा एक मणी ओढायचा, असे ठरले. माळेला शंभर धरून (वरचे आठ मणी चुकलेल्या मोजणीला) अशा चाळीस माळा. आता, दुखवट्याला येणारी माणसे हाक मारत नाहीत आणि निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. त्यामुळे मी खाली मान घालून मोजत असताना ओटीवर कोण बसले आणि कोण गेले, ते मला कळत नसे. त्यांना मात्र माझ्या हातातली माळ आणि पुटपुटणारे ओठ नीट दिसत. चौथ्या दिवशी शेजारच्या सोनूबाईने माझ्यापुढे नारळ ठेवला. “मास्तर, एवढं मोठं अनुष्ठान घरात, न् आम्हाला पत्ता न्हाय! आमच्या म्हशीसाठी दोन मणी वडा.” मी दचकलो आणि आकडा विसरलो. नाही म्हणायचे धैर्य नव्हते. मामा, त्या वेटोळ्यात दोनएक मणी म्हशीचे आहेत.

वेटोळे झाले, मेणबत्तीच्या मेणात बुडवले, डबी मिटली. कानाला लावले. काही नाही. तेवढ्यात लाँचवरचा नुरुद्दीन इंजिनवाला आपली चिठ्ठी द्यायला आला. त्याने डबी पाहिली, एकतारी पाहिली आणि कपाळावर हात मारला. “अहो मास्तर, चुंबक पितळेला कधी धरतो काय? पोरांना काय शिकवता?” (तिसरीला हाच धडा मी गेली सहा वर्षे शिकवतो.) म्हणजे दादाची डबी मुळात शाबूत होती. मी ती उघडून मोडली आणि चाळीस माळा ओढून होती तशी केली.

नुरुद्दीनने पोलादी तार आणून दिली. काल दिवेलागणीला ती चढवून बाबांसमोर एकतारी छेडली. बाबा एकदम ताठ बसले. बराच वेळ ऐकले. मग अडीच महिन्यांनी पहिल्यांदा बोलले, “सूर खाली हाय. येसू असा वाजवत न्हवता.”

उरलेली तार परत पाठवत आहे. मामींस नमस्कार.

आपला भाचा,
विठोबा

ता. क. : आज बाबांच्या कानाशी ओरडून विचारले, डबी मुकी होती तेव्हा मान का डोलवत होतात? म्हणाले, “मुकी हाय ते मला पहिल्या दिसापासून ठावं. हे कानावर असलं का ‘झालं ते झालं, देवाची मर्जी’ म्हणायला कुणी जवळ येत न्हाय. तू वाजवलंस, तवा डोललो. न्हाय डोललो तर उठून जाशील असं वाटलं.”

पुन्हा ता. क. : आपल्या ओळखीत कुठे जुना हेडफोन पडून असेल, तर माझ्यासाठी लाँचवरून पाठवावा. बिघडलेला असेल तर उत्तमच. कृपा करून दुरुस्त करून पाठवू नये.