पंखा नीट झाला की धवले

२ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी.
काम: गोजरा आजीचे सगळे धवले रेकॉर्ड करून ठेवणे. आजी म्हणजे बाबांची आत्या, गावातली शेवटची धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात ज्या विधीला जो धवला, तो तिने गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. एकही कुठे लिहिलेला नाही. सगळे तिच्या गळ्यात. आणि गळ्यातच गाठ. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र काढावं लागेल. दोन महिने ती नाहीच म्हणत होती. काल मी शब्द दिला, आधी सगळं रेकॉर्ड करते, मग ऑपरेशन. तेव्हा तयार झाली. तारीख २० जानेवारी.
अठरा दिवस. भरपूर.

३ जानेवारी
कॉम्प्युटर लावला. मी बीएस्सी आयटी झाले तेव्हा बाबांनी महाप्याच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून सेकंडहँड आणलेला. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत: सीपीयू फॅन एरर, पुढे जायला एफ वन दाबा. किरकोळ आहे. पण चुकीवर बोट ठेवून पुढे जायचं मला पटत नाही. रविवारी बघते.
कुंदन म्हणाला, मोबाइलवर घे ना, आत्ताच्या आत्ता. कुंदन माझा भाऊ, हळदीला डीजे लावतो. आवाज म्हणजे मोठा एवढंच त्याला कळतं. त्याला सांगितलं, हा वारसा आहे, स्टेटस नाही.

५ जानेवारी
कॅबिनेट उघडलं. पहिल्यांदाच. डिग्रीत हे नव्हतं, पण तत्त्वं माहीत आहेत. आत धूळ, एक मेलेलं झुरळ. पेंटच्या ब्रशने साफ केलं. पंखा बोटाने फिरतो, आपणहून फिरत नाही. एरर कायम.
आजी दारात येऊन बसली होती. विचारलं, "झाला काय गो तुझा पंखा?" म्हटलं, दोन दिवस. ती म्हणाली, "तंवर एक बोलू काय, तोंडी?" म्हटलं, नको, आवाज जपून ठेव.

८ जानेवारी
पंख्याची वायर चुकीच्या पिनांवर असावी असा शोध लागला. दुसरीकडे लावली. आता एरर येत नाही, कारण कॉम्प्युटरच चालू होत नाही. परत होती तशी लावली. एरर आला. बरं वाटलं.
चुलत बहीण प्रिया हिचं लग्न फेब्रुवारीत. तेव्हा आजी गाऊ शकणार नाही, म्हणून बाबा नाक्यावर सांगून आले की आमच्या जागृतीने सगळं कॉम्प्युटरात भरलंय, हळदीला लावू. मी सुधारलं नाही. आठवड्यात खरं होणारच आहे.

११ जानेवारी
कुंदन म्हणाला, नवीन पंखा आणतो, विषय संपव. नको म्हटलं. कारण कळल्याशिवाय पार्ट बदलणं हे मेकॅनिकचं काम. घरात एवढी एक ग्रॅज्युएट झाली ती कशासाठी? तो म्हणाला, "तू पंख्याचीच मुलाखत घे, आजीची नको." दुर्लक्ष केलं.
संकल्प: रोज दोन तास फक्त पंखा.

१४ जानेवारी
संक्रांत. आजीला तीळगूळ गिळता आला नाही. आईने पाण्यात विरघळवून चमच्याने दिला. आवाज बसत चाललाय. सोळाला रेकॉर्डिंग, काही झालं तरी.

१५ जानेवारी
तोडगा सापडला. सेटिंगमध्ये पंख्यावर लक्ष ठेवायचा पर्याय 'इग्नोर' केला. एरर गेला. इतकं सोपं. बाबांनी उघड्या कॅबिनेटसमोर टेबल फॅन लावून दिला. दोन तास व्यवस्थित चाललं. तपश्चर्येचं फळ.

१६ जानेवारी, संध्याकाळी ५
रेकॉर्डिंग झालं.
सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. कुंदन म्हणाला, माझा एक बाजूला चालू ठेवू का. त्यालाच बाहेर काढला. टेबल फॅनची घरघर माइकमध्ये येत होती, तोही बंद केला.
आजी लग्नाला नेसते ते लुगडं नेसून आली. हातात तांदूळ नसले तर शब्द येत नाहीत म्हणाली. वाटीभर दिले. एक ओळ म्हणायची, थांबायची, माझ्याकडे बघायची. धवला असाच शिकतात, मागोमाग म्हणून. मी हाताने खूण केली, थांबू नको, माझा आवाज मध्ये नको. मग ती सलग गायली. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. आवाजाच्या हिरव्या पट्ट्या छान वरखाली होत होत्या. बाराव्या मिनिटाला एक पट्टी लाल झाली, माइक मागे घेतला.
सदतिसाव्या मिनिटाला स्क्रीन काळा. कॅबिनेटला हात लावला तर चटका. सेव्ह शेवटी एकदाच करणार होते.
आजीचे डोळे मिटलेले. आणखी दहा मिनिटं गायली. मी माइक तसाच धरून ठेवला. संपल्यावर तिने विचारलं, "आला काय सगला?"
म्हटलं, आला आजी.
तिने उरलेले तांदूळ माझ्या डोक्यावर टाकले. म्हणाली, "आता कापूं दे त्यांना."
हे खोटं नाही. डेटा कुठे जात नाही, डिस्कवर असतोच. रिकव्हरी सॉफ्टवेअर मिळतात.

१८ जानेवारी
कुंदनने न विचारता नवीन पंखा आणून बसवला. दहा मिनिटं लागली.
रिकव्हरीत चारशे बारा फाइली सापडल्या. सगळ्या त्या बंद ऑफिसच्या. कुणाकुणाचे रजेचे अर्ज.
आजीकडे गेले, परत गाऊन घ्यावं म्हणून. घसा सुजलेला, परवापासून खुणेनेच बोलते. सांगणारच होते. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. ऑपरेशनआधी पेशंटला टेन्शन देऊ नये. सांगितलं नाही.

२० जानेवारी
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम.

२ फेब्रुवारी
आणखी एक सॉफ्टवेअर. रजेचे अर्जच.

९ फेब्रुवारी
प्रियाची हळद. कुंदनने डीजे थांबवून एक वायर माझ्यासाठी मोकळी ठेवली. बाबांनी मांडव गप्प केला आणि म्हणाले, "चल गो, लाव आतेचा." म्हटलं, फाइल उघडत नाही. ते म्हणाले, "उघडंल, घाई नाय." आणि सगळे वाट बघत बसले. कोणी उठेना. मग मी सांगितलं. सोळा तारखेपासून सगळं.
बाबा खाली बघत राहिले. मागून कुणी बाई म्हणाली, "जागृती समोर व्हती ना, तिला येत आसंल."
आजीने ऐकलं. गळ्याची पट्टी सावरली, पाटाशेजारची जागा हाताने झाडली, मला बोलावून बसवलं. माझ्या मुठीत तांदूळ दिले. मग ओठ हलवले, एका ओळीपुरते, आणि थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
सत्तेचाळीस मिनिटं मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. पहिला शब्दसुद्धा आठवेना. बाराव्या मिनिटाला स्क्रीनवरची पट्टी लाल झाली होती, ते आठवलं.
आजीने ओठ परत पहिल्यापासून हलवले.